सरक

साडेदहाचं चित्र येतं
छत्तीस हजार किलोमीटरवरून.
मी आधी ढग बघत नाही.
नकाशातला काठ काढतो पिवळ्या बारीक रेघेत
आणि चित्रातला काठ तिच्याखाली बसतो का, ते बघतो.

समुद्रकिनारा यासाठी उत्तम.
पण सोलापुरात बसलेल्याच्या वाट्याला धरणं येतात.
उजनी मी सोडून दिली.
ठळक दिसते, पण मे महिन्यात तिचा काठ एक,
ऑक्टोबरात दुसरा.
एकदा आठ दिवस उपग्रहाला दोष देत होतो,
पुण्याला तीन पत्रं धाडली,
आणि सरकलं होतं ते पाणी.

म्हणून हिप्परगा.
तोही आटतो, पण त्याचा बांध हलत नाही.

नायना जेकार्डवर होते, अशोक चौकातल्या कारखान्यात.
चादर उतरली की डोळे मिटून
मोराच्या मानेवरून अंगठा फिरवायचे.
"दोन धागे सरकलंय."
मालक भिंग आणायचा. दोनच असायचे.
पुठ्ठ्याचं भोक फाटलेलं निघायचं,
नाहीतर फणीचा दात वाकलेला.
एकदाच म्हणाले,
"चुकलं काही नाही. मागावर ताण होता.
खाली आल्यावर आखडलं."

मंगळवारी बांध रेघेवर बसला.
वहीत लिहिलं: पूर्व-पश्चिम शून्य, उत्तर-दक्षिण शून्य.
सव्वातीनच्या चित्रात एक ढग,
फुगलेला, पांढराफेक,
नेमका हिप्परग्यावर.
पंपहाउसवरच्या मल्लिनाथला फोन लावला.
"पाऊस किती?"
"कसला पाऊस बे. ऊन आहे. अंथरूण वाळत घातलंय."
आणि इकडं बाळीवेशीत
माझ्याच पत्र्यावर तडतड सुरू.

पुन्हा बांध बघितला. शून्य.
पुन्हा.
मग कागदावर त्रिकोण काढला.

उपग्रह विषुववृत्तावर उभा,
दक्षिणेकडून तिरका बघतो आपल्याकडं.
जमीन जिथल्या तिथं दिसते.
ढगाचं डोकं मात्र बारा किलोमीटर वर,
ते पडतं मागच्या गावावर,
टुरिंग टॉकीजमध्ये पुढच्या उंच माणसाचं डोकं
हिरॉइनच्या गालावर पडावं तसं.
बारा किलोमीटर उंची,
साडेचार-पाच किलोमीटर सरक, उत्तरेला.
उपग्रहाचं बरोबर, बांधाचं बरोबर,
मल्लिनाथच्या उन्हाचंही.

वहीत उंचीचा रकाना नाही.
समासात लिहिलं, "ढग इथं होता,"
आणि वाचल्यावर कळलं की
"इथं" म्हणजे कुठं, ते लिहायचं राहिलं.

पावणेपाचला मल्लिनाथचा फोन.
"आला बे तुझा ढग. गादीसकट भिजलं सगळं."
मी पडद्यावर बघितलं.
तिथं तो केव्हाच हिप्परगा सोडून
मार्डीच्या वाटेला लागला होता.