समोरचं धुराडं

एकोणीस वर्षं मी
लमारा किपियानीचं धुराडं वाचतोय.
पहाटे चारला पांढरट धूर म्हणजे
लाकूड ओलं, पाव उशिरा.
काळा, दाट असला तर कुठल्यातरी लग्नाची ऑर्डर.
पिठाची गाडी आली की पोती मोजतो
पडद्याआडून, थंड फरशीवर अनवाणी.

कुताइसीच्या या गल्लीत
दोन भट्ट्या,
मध्ये नऊ पावलं आणि एक तुतीचं झाड.

परवा तिनं फळा पुसला. भाव लिहिला नाही.
खडू मात्र हातात तसाच.
म्हटलं, ओळखलं! शुक्रवारी उतरवणार.
म्हणून गुरुवारीच मी उतरवला,
पावामागे वीस तेत्री, चक्क तोट्यात.

रांग थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत.
समोर धूर नाही.
मी हसलो. दुपारपर्यंत हसत होतो.

मग रांगेत तिचा भाचा दिसला, गोचा,
काखेत घडी घातलेली रिकामी पोती.
साठ पाव घेतले. पैसे मोजून दिले.
वर आभारही मानले.
संध्याकाळी माझेच पाव
नदीकाठच्या खानावळीत पोचले,
तिच्या कागदात, तिच्या जुन्या भावानं.
तिची एक काटकीसुद्धा जळली नव्हती.

बायको भांडी विसळता विसळता म्हणाली,
तू तिला वाचतोस रे,
तिला तू पाठ आहेस.

आज पहाटे चार.
तिच्या खिडकीचा पडदा जरासा हललाय.
मी भट्टीत मुद्दाम
ओलं लाकूड सारलंय.
बघू.