भांगाचं पाणी

किती आहे आज, शून्य ते दहात?
संज्योत मॅडम विचारतात
कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात, दर गुरुवारी,
पंखा दोनवर ठेवून.
मी सहा म्हणते.
सहा बरा आकडा आहे,
कुणाला घाबरवत नाही, कुणाला खोटाही वाटत नाही.

माझे वडील माथाडी, तुर्भ्याच्या बाजारात.
त्यांच्या दुखण्याला वजन होतं:
पन्नास किलो, कांदा.
संध्याकाळी ते पालथे पडायचे,
आई तेल कोमट करायची,
आणि मानेखालचा घट्टा दाखवला
की कुणालाही पटायचं.
मी काय उचललं?
आठ वर्षं विम्याच्या फायली, त्याही बसून.
माझे रिपोर्ट एका पिशवीत आहेत,
पिशवीवर साड्यांच्या दुकानाचं नाव,
आत सगळं नॉर्मल.

सासूबाई म्हणतात, मनावर घेऊ नकोस.
जाऊ म्हणते, मनावर घे, म्हणजे उठशील.
मनाला कुणी विचारलं नाही.
तेही दमलंय.

ठणका, कळ, सणक, चमक, रग,
दुखण्याला आपल्याकडे किती शब्द.
थकव्याला आमच्या घरात एकच चालतो:
आळस.

नसरीनने ओट्याशी स्टूल ठेवलंय, बसून पोळ्या लाटते,
पाहुणे आले की पलंगाखाली सरकवते.
हे सांगताना ती हसली
आणि आम्ही सगळेच हसलो,
कारण प्रत्येकाच्या पलंगाखाली काहीतरी आहे.

मढवीकाका बोलत नाहीत सहसा.
घणसोली गावचे. होडी विकली, मणका राहिला.
त्या गुरुवारी मॅडमनी विचारलं,
वाईट दिवशी तुम्ही स्वतःला काय म्हणता?
कुणी काही सांगेना.
आम्ही स्वतःला जे म्हणतो
ते चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं.

मग काका, जमिनीकडे बघत:
अष्टमीला भांग असतो. पानी चढतच नाय.
त्या दिशी जालं टाकून काय गावनार?
बसाचं. फाटलेलं शिवाचं.
कोनी बोलत नाय, का हा आलशी हाय.

आणि उधाणाला? नसरीननं विचारलं.

उधानाला जास्त जपाचं.
भरल्या पान्याला मानूस लोभानं लांब जातो,
न् परतीला हात ऱ्हात नाय.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
मला माझे मंगळवार आठवले,
बरं वाटलं म्हणून एका दमात धुतलेले पडदे
आणि त्यापुढचे चार दिवस,
भिंतीकडे तोंड करून.

रिक्षात बसले तरी तो शब्द सुटेना.
भांग म्हणजे मला केसांतलाच माहीत.
तीन महिन्यांत पाडला नव्हता.
हात खांद्याच्या वर जात नाही,
ओढून रबर लावायचं, झालं.

दुखणं गेलेलं नाही, आधीच सांगते,
नाहीतर लोक लगेच विचारतात कुठलं औषध.
कालही दूध उतू गेलं,
मी समोरच उभी होते, दोन पावलांवर.
ती दोन पावलं काल मला परवडणारी नव्हती.
आणि काल रात्री मी स्वतःला
पुन्हा तेच जुनं म्हटलं.
फक्त मध्येच थांबले,
वाक्य अर्धं राहिलं.
आजवर ते नेहमी पुरं व्हायचं.

हल्ली शाल्मली सकाळी दारातून विचारते,
आई, भांग की उधाण?
शून्य ते दहा तिला नको असतं.
आज अष्टमी नाही, तरी म्हटलं, भांग.
तिने आपला डबा आपण भरला,
चटणीचं झाकण नीट लागलं नाही, दिसत होतं मला,
बोलले नाही.
मग कंगवा घेऊन मागे आली.

वाकडा पडला गं, ती म्हणते. पुन्हा पाडू?
खाली शाळेची बस हॉर्न देतेय.
पाड, मी म्हणते.
सावकाश.