टोपी सोडून

दहावीच्या वर्षी माझी वही
अमळनेरला, अण्णांच्या पत्र्याच्या दुकानात
ऐरणीशेजारी उघडी पडलेली असायची.
महत्त्वमापनाच्या पानांवर अजून डाखाचे थेंब आहेत,
नखानं निघत नाहीत.

पातोंड्याच्या वैजंताबाईंची कोठी चालली होती.
खाली वृत्तचिती, वर शंकू.
त्रिज्या पस्तीस, उंची एकशेवीस,
टोपी बारा सेंटिमीटर.
पुस्तकातलंच गणित की हे, मी म्हणाले,
आणि बावीस सप्तमांशाला पस्तीसच्या वर्गाशी भिडवलं.

टोपीचा पत्रा कापायला तिरकस उंची हवी.
बाराशे पंचवीस अधिक एकशे चव्वेचाळीस
मांडून मी वर्गमुळाच्या छपराखाली शिरते न शिरते
तोवर अण्णांनी फरशीवर खडूनं काटकोन आखला,
बारा उभे, पस्तीस आडवे,
टोकाला टोक सुतळी ताणली:
"सदोतीस."
माझं उत्तर मागाहून आलं.
तेच आलं, म्हणून जरा रागही आला.

"आन् शिवनले एक बोट जास्त धर," ते म्हणाले,
"वहीमा शिवन नही ऱ्हास."

वैजंताबाई पायरीवर बसून होत्या.
"कितली मावी माय दादर?"
चारशे सत्याहत्तर पूर्णांक चार लिटर,
मी एका दमात.
"लिटर? मी काय दूध भरसू व्हय यामा?"
अण्णा हातोडीवरून मान न उचलता:
"साडेतीन पोता. टोपी सोडीसन."

सोडून का?
पंधरा पूर्णांक चार लिटर आहेत तिथं,
मी पुन्हा करून पाहिलं होतं.

त्या उठल्या. टोपी उचलली,
बांगड्या कोपरापर्यंत सारून
हात आत घातला,
नसलेल्या दाण्यांवर
सपाट फिरवला.
"आठे निंबना पाला. आन् मन्हा हात."

बोर्डाच्या पेपरात असंच आलं,
माप तेवढं वेगळं.
मी शंकू मिळवला. मिळवायचाच असतो.
पूर्ण गुण पडले.

आता धुळ्याच्या शाळेत
फळ्यावर तीच आकृती काढते.
जिथं दोन आकार जुळतात
ते वर्तुळ तुटक रेषेनं, मुलींनो,
ते बाहेरून दिसत नाही.
मग वृत्तचिती आडव्या खडूनं भरत जाते,
वर येते, आणि थांबते.

"बाई," मागच्या बाकावरून कुणीतरी,
"वरचं राहिलं."