साडेसोळा

टेविसने टेप लावली, पुन्हा लावली,
टोपी मागे सरकवून म्हणाला,
मायते, ही साडेसोळाची रिम.
या मापाचं टायर आता सहसा कुणी करत नाही.
सोळा मिळेल. सतरा मिळेल.
मधला अर्धा इंच जगाने सोडून दिलाय.

एकोणऐंशीचा फोर्ड, चाकाला आठ नट,
सीटला अजून लोकरीच्या तेलाचा वास.
जॉर्डन व्हॅलीत आधी त्याला ओळखतात,
मग आत कोण बसलंय ते बघतात.

‘सोळाचंच चढव की याच रिमवर,’ मी म्हणाले.
त्याने हातातला पाना खाली ठेवला.
त्याच्या काकाने हेच केलं होतं.
हवा भरताना टायर उडालं.
काका तेव्हापासून डाव्या हाताने जेवतात.
मी पुढे काही बोलले नाही.

म्हणजे आधी चाकं, मग टायर.
भिंतीवर टांगलेली अ‍ॅल्युमिनियमची, 
लग्नातल्या ताटांसारखी चकचकीत.
हलकी आहेत, टेविस म्हणाला.
असतील.
पण बेसाल्टवर आपटलं की पोलाद वाकतं,
आणि वाकलेलं दगडावर ठेवून
हातोडीने सरळ करता येतं.
अ‍ॅल्युमिनियम तडकतं.
तड्याची समजूत घालता येत नाही.
काळी पोलादी दाखव.
ती होती मागे, रिकाम्या पोत्यांखाली.

पोरं आता रुंद टायर नेतात म्हणे,
मडगार्डच्या बाहेर छाती काढून उभी राहणारी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत;
स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हे पत्र्याला घासणार,
आणि माझ्या घराकडचा रस्ता
सरळ आहे कुठे?

शिवाय मार्चमध्ये बर्फ वितळतं
तेव्हा आमच्याकडच्या मातीचा साबण होतो.
रुंद टायर त्यावर तरंगतं, तरंगत ओढ्यात जातं.
अरुंद टायर चिखल कापत खाली उतरतं.
खाली कठीण जमीन असते.
असतेच.
आजोबांच्या मेंढ्यांच्या गाडीची चाकं
चार बोटं रुंद होती फक्त, लाकडाची, वर लोखंडी धाव.
उन्हाळ्यात लाकूड आटायचं, धाव खुळखुळायची,
मग आजोबा चाक ओढ्यात भिजत घालून
रात्रभर बास्कमधून शिव्या देत बसायचे.
सकाळी चाक घट्ट,
आजोबांचा आवाज बसलेला.

‘पण हे उंच आहे जुन्यापेक्षा. काटा छप्पन दाखवील
तेव्हा तुम्ही साठने जात असाल.
मैलही कमी मोजले जातील.’
जाऊ देत. पंचेचाळीस वर्षं
एकेक मैल प्रामाणिकपणे लिहून ठेवला त्याने.
आता थोडे लपवू दे.
मीही लपवते.

मी गुडघे टेकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले,
कितवा आठवडा, कुठलं साल.
टेविस हसला. पण न धावताही
रबर म्हातारं होतं, नुसतं फळीवर बसून,
हे त्याला अजून कळायचंय.

‘चार की पाच?’
पाचव्याच्या पैशांत माझी दाढ बसणार होती.
पण फोर-व्हील लावल्यावर एक चाक लहान
म्हणजे इतर तिघांना छळ.
पाच, मी म्हणाले, आणि जीभ
दाढेच्या जागेवर फिरवली.

तेव्हा खालून जुनं स्टेपनी निघालं.
ते कधी जमिनीला लागलंच नव्हतं,
नक्षी नव्यासारखी, बाजू भेगाळलेल्या.
त्यातली हवा बेन्यातने भरलेली,
तो गेला त्या शिशिरात, हातपंपाने,
मध्ये दोनदा दम खात.
थांब म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर टेविसने व्हॉल्व्ह काढला होता.
बराच वेळ चालली ती शीळ.
नंतर नुसती धूळ आणि रबर.
‘पाणी आणू?’ त्याने विचारलं.
नको म्हटलं. बिल कर.

निघताना तो खिडकीशी आला.
पन्नास मैलांनी नट परत आवळून घ्या, विसरू नका.
कुणाचे पन्नास, मी विचारलं,
गाडीचे की रस्त्याचे?
तो बोटांवर हिशेब करत उभा राहिला
आणि मी गिअर टाकला.