अकरा मतं

कळमन्याच्या मिरची यार्डात
हमाल संघटनेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागून
आज चौथा दिवस,
तरी सकाळी पोतं उचलायच्या आधी
प्रत्येक जण दौलत निमजेचं हरणं उचलतो,
इकडून तिकडे नेतो,
पुन्हा काट्यावर ठेवून पाहतो.
अकरा मतं.
काटा हलत नाही.

श्रावण हेडाऊ म्हणतो, मटण नडलं.
"बागडेनं सावजी घातलं बाप्पा, बोटभर तर्री,
अन् आपल्या दौलतभाऊनं? वांग्याची भाजी!
गुरुवार हाय म्हणे, मार्गशीर्षातला.
लक्ष्मी येते का मत द्याले?"

गोपीचंद म्हणतो, चिन्ह.
मागितला आकडा, मिळाली छत्री.
"हमालाले छत्री कायले पाहिजे बे?
दोन्ही हात तं पोत्याले लागते."

लांजेवार बोटांवर सांगतो
कोणत्या जातीची किती घरं, कोणत्या गल्लीत,
कोणाची सोयरीक कोणाकडे.
हिशोब इतका चोख
की बेरीज केली तर यार्डात
आहेत त्याहून साठ माणसं जास्त निघतात.

कोणी म्हणतं, भंडाऱ्याकडचे पोट्टे फुटले.
कोणी म्हणतं, फुटले नाही, फोडले.
एवढ्यावर
एक ट्रक रिकामा होईस्तोवर भांडण.

मी मापारी. मोजणीच्या टेबलाशी होतो.
"तुह्यासमोर मोजले ना, सांग ना बे."
मी पेन्सिल कानामागे सारतो.

काय सांगू?
सतरा मतं बाद निघाली.
शिक्का छत्रीवर नाही, शिट्टीवर नाही.
देठं खुडणाऱ्या बायांना मत यंदा पहिल्यांदा मिळालं,
ठराव दौलतनेच आणला होता,
आणि मतपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला
त्यांच्या लाल बोटांचे ठसे,
सहांवर, सहा वेगळ्या हातांनी, एकच शब्द :
संडास.
एकीचा अनुस्वार राहून गेला होता.
निवडणूक अधिकारी हसला, गठ्ठा बांधला.
मीही हसलो थोडा. सुतळी मीच दिली.
अकरापेक्षा सतरा जास्त,
एवढं गणित मापाऱ्याला येतं.

आणि बाद न झालेलं माझं मत,
तेही दौलतला गेलं नाही.
कारण मोठं नाही.
माझी शकुन गेली तेव्हा
गंगाबाई घाटावर तो सगळ्यांत आधी आला, हार घेऊन,
पण लाकडं पेटेस्तोवर
त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.
एकदा पाहिलं असतं तर
मी शिक्का छत्रीवरच मारला असता.
हे काय चारचौघांत सांगायचं कारण आहे?
त्यापेक्षा मटण बरं.

बाराच्या सुमाराला तो आलाच,
ऑफिसची किल्ली परत करायला.
बाकावर जागा लगेच झाली नाही,
मग झाली, जरा जास्तच झाली.
"तू काय म्हणतं रामरतन, कायनं झालं?"
मी म्हणालो, मटण.
त्यानं मान हलवली.
"वांगे चांगले होते पण."

बाकावर न बसता तो पोत्यावर टेकला.
तेवढ्यात पलीकडे भिवापुरीचं एक पोतं उसवलं
आणि एकोणीस वर्षं काचेआड बसलेल्या त्या माणसाला
असा ठसका लागला
की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
रडतो आहे का, कोणाला कळेना,
वाद तेवढ्यापुरता थांबला.

कौतिकाबाईनं आपला तांब्या पुढे केला.
"सवय गेली भाऊ तुमची,"
म्हणाली, आणि पदर नाकाला लावून
पुन्हा देठांशी बसली.

दौलत घटाघटा प्यायला.
तांब्या काठोकाठ भरलेला होता.
पहाटे सहापासून
तिनं त्यातला एक घोट घेतला नव्हता.