रेशीम

बेलापूरच्या सेक्टर पंधरात, दुसऱ्या मजल्यावर,
हेमलता चौबळ, वय अठ्ठ्याहत्तर, असं वर लिहून
तांडेल मॅडमनी आईला पाच शब्द दिले सांभाळायला:
कंदील, रेशीम, बोर, होडी, पिवळा.
मग शंभरातून सात-सात काढत जायला सांगितलं.
आई शहाऐंशीपर्यंत गेली आणि म्हणाली,
"हिशेब पुरे. गाडीचं बोला."

घड्याळ काढलं तिनं. अकरा वाजून दहा मिनिटं.
सगळे आकडे उजवीकडे, दाटीवाटीनं.
डावीकडे कोणी राहायलाच आलेलं नाही,
चौऱ्याऐंशी सालच्या नेरूळसारखं,
सिडकोचे रस्ते नुसते आखलेले,
आणि मला मागच्या सीटवर टाकून
ती जुन्या फियाटवर हात बसवत होती;
समोरून येणारी म्हैस हाच काय तो सिग्नल.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं.
अर्ध्या वाशीचे नंबर अजून तोंडपाठ,
एकही आता लागत नाही.
पाचातले तीन शब्द तिनं परत केले.
"बाकीचे दोन तुम्हीच काढून घेतलेत."

मग रस्त्यावर.
मॅडमच्या पायाखाली दुसरा ब्रेक, मी मागे,
पुन्हा त्याच जागी, सत्तेचाळीस वर्षांचा.
पामबीचला तिनं लेन धरली ती धरलीच.
आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर,
सगळं माझ्याहून नेटकं.
मॅडमचं पेन बराच वेळ थांबलेलं.
मी मनात फोन करून बहिणीला सांगूनही टाकलं.

करावेच्या सिग्नलला लाल.
आईचा चेहरा उजळला.
"रेशीम! रेशीम होतं त्यात!"
आणि निघालीच,
हरवलेलं सापडल्यावर दाखवायला धावावं तशी.
ब्रेक मॅडमनी लावला.
आडवा आलेला पाण्याचा टँकर
हॉर्न न देता, सावकाश, समोरून गेला.

खोलीत मला एकट्याला विचारलं,
"तुमच्या मुलीला एकटीला बसवाल यांच्या गाडीत?"
मी म्हणालो, मी बसत आलोय.
"ते मी विचारलं नाही."

परतताना चावी माझ्याकडे.
आईनं मागितली नाही,
पर्समध्ये दोनदा शोधली मात्र.
डाव्या सीटवरून रिक्षांना हातानं वाट देत राहिली.

नेरूळच्या पुलाखाली
तिचा उजवा पाय मॅटवर दाबला गेला, करकचून.
तेव्हा मला दिसला
दुभाजकाच्या फटीतून हातगाडी ओढत
पाठमोरा येणारा माणूस.

मीही दाबला.
जरा उशिरानं.