टाकून दिलेली तार

यंत्राच्या दाराबाहेर मी रोज तेच विचारते.
कानात काही? दातात? छर्रा, स्क्रू, क्लिप?
वेल्डिंग करताना डोळ्यात कधी कीस उडाला होता?
अरबीत, उर्दूत, मोडक्या मल्याळममध्ये.
आज पुष्कळ दिवसांनी मराठीत.

अब्दुलगनी मुकादम, बाणकोट. वय एकाहत्तर.
तीस वर्षं मत्रा ते खसब, लाकडी लाँचवर तांडेल.
आता यकृतात लिंबाएवढी गाठ,
आणि डाव्या खांद्याखाली, कातडीआड,
काडेपेटीएवढा पेसमेकर.

"चुंबक माज्या वळखीचा हाय, बाय.
पोऱ्यानं एकदा होक्याशेजारी कोयता ठेवला.
रातभर उत्तर समजून भलतीकडं गेलो.
पहाटे दिवे दिसले, ते इराणचे."

मी हसले. कार्डावरचा नंबर दोनदा ताडून पाहिला.
चालणारा होता, अटींसकट:
हृदयाचे डॉक्टर जवळ, पेसमेकर ठरलेल्या ठोक्यावर बांधलेला,
बोटाला ऑक्सिमीटर, डिफिब्रिलेटर दाराशी,
किरणांचा हिशेब हद्दीच्या पुष्कळ खाली.
सगळ्या चौकटींत खुणा.
आतून पंपाची चिरचिर येत होती.
हे चुंबक बंद होत नाही, ईदलाही नाही.

गाऊनचे बंद बांधताना ते बोलतच होते,
नांगराबद्दल. खसबच्या खडकात अडकला
की ओढत बसायचं नाही, दोर कापायचा.
"मिरजेच्या डॉक्टरानंबी तसंच केलं.
पयली तार रुतली होती. म्हनला, राहू दे तिथंच."

माझे हात बंदावरच थांबले.

एक्स-रेवर ती दिसली.
दोन तारा पेटीत नीट शिरलेल्या.
तिसरी हृदयात टेकलेली,
वरचं टोक गळ्याच्या हाडाशी येऊन
कशालाच जोडलेलं नाही.
अशी तार आत एरियल होते. टोकाशी तापते.
किती, ते कुणी छातीठोक सांगत नाही.

बिजू म्हणाला, काही ठिकाणी करतात. पाच दिवसांत संपलं असतं.
डॉक्टर शमसा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.
करत असतील, म्हणाल्या.
इथे, आज, नको.

तळघरातल्या जुन्या यंत्रात चुंबक नाही.
तिथे गाठ हलताना दिसणार नाही,
म्हणून कडेने जास्त जागा सोडायची, पंधरा फेऱ्या,
दर आठवड्याला पेसमेकर तपासायचा.
"म्हंजे धुक्यातनं?"
धुक्यातनंच, चाचा. पण वाव मोजत.

श्वास धरायला सांगितला. वीस सेकंद पुरले असते.
त्यांनी एकेचाळीस धरला,
मग भुवई उडवून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी फॉर्मच्या तळाशी मी पेनाने एक ओळ वाढवली:
आत कधी काही सोडून दिलंय का?
अरबी बिजूने तपासली, मल्याळमला तो बराच हसला.
मराठी कुणी तपासली नाही.

ते गेल्यावर ट्रे रिकामा केला.
घड्याळ, चाव्या, तंबाखूची डबी घेऊन गेले होते.
कोपऱ्यात राहिली होती
सदऱ्याच्या आतून निघालेली
एक गंजकी सेफ्टी पिन.
मी विचारलं होतं, अंगावर अजून काही धातू?
ते म्हणाले होते, नाय बाय, कायच नाय.